लठ्ठपणा, दाह आणि श्वास



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार गोष्टी ऐकावयास एकत्र जमण्याची सवय आपल्या महाराष्ट्राला लागली. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. मी विद्वान नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे शिकणे झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटात, सार्वजनिक वाचनालयात आणि दवाखान्यांच्या बाकांवर कामगारांबरोबर ताटकळत बसून. चालकांनी मला ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असा विषय सुचविला होता. मी त्यांस म्हणालो, मला लठ्ठपणा आणि दम यांवर बोलू द्या. त्यांना ती थट्टा वाटली. पण थट्टा नव्हती. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या पुष्कळशा उकलत गेले की शेवटी पोटाच्या घेरापाशी आणि अडलेल्या श्वासापाशी येऊन थांबतात.

आमच्या चळवळीची जुनी भित्तिपत्रके ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल. भांडवलदार काढावयाचा म्हणजे चित्रकाराचे काम सोपे असे: मोठी ढेरी, त्यावर साखळी, बोटांत अंगठ्या. आणि कामगार काढावयाचा तर बरगड्या मोजून घ्याव्यात असा. आज कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर सभेला उभे राहा आणि समोर पाहा. ढेरी आता आमच्या बाजूला आली आहे! मालक सकाळी मैदानावर धावतो, आणि बारा तास एका जागी बसून गाडी हाकणारा, यंत्रावर डोळे लावणारा किंवा रात्रपाळीला पहारा करणारा माणूस वडापाव आणि गोड चहावर दिवस काढतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. म्हणजे चौघांत जवळजवळ एक. हा काही मूठभर शेटजींचा आजार राहिला नाही.

आपल्या गावाचेच पाहा. सोमवारच्या बाजाराला आण्याच्या पठारावरून माणसे घाट उतरून पायी येत, बैलांचे कासरे धरून येत, आणि सांजेला डोक्यावर ओझे घेऊन तोच घाट चढत. आज घाटात मोटारसायकली आहेत. त्यांना मी नावे ठेवणार नाही. ज्याने ती पायपीट केली आहे त्याला मोटारसायकलची किंमत विचारा. नांगराच्या मागे दिवसभर चालणारा शेतकरी आता ट्रॅक्टरवर बसतो, आणि तोही सुखासुखी बसत नाही, कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन बसतो. पण पायांचे काम गेले आणि ताटातली साखर, तेल, मैदा वाढला, हा हिशेब शरीर बिनचूक मांडून ठेवते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लठ्ठ माणसाला दम का लागतो? सोपे उत्तर असे की तो ओझे वाहतो म्हणून. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. लोहाराचा भाता आपण सर्वांनी पाहिला आहे. आपली छाती म्हणजे तसाच भाता. तिच्या तळाशी स्नायूंचा एक पडदा आहे. तो खाली सरकला की हवा आत येते, वर आला की बाहेर जाते. आता त्या भात्यावर बाहेरून धान्याचे एक पोते ठेवा आणि खालून दुसरे पोते दाबून धरा. भाता चालेल, पण पुरता उघडणार नाही. पोटातली चरबी पडद्याला वर रेटते आणि छातीवरची चरबी बरगड्यांना उचलू देत नाही. मग माणूस उथळ श्वास घेतो आणि तो भरपाई म्हणून भरभर घेतो. फुप्फुसाच्या तळाकडच्या बारीक नळ्या मिटून जातात, तिथे रक्त पोचते पण हवा पोचत नाही. आडवे झाल्यावर हे अधिक होते. ‘मला उताणे झोपवत नाही, दोन उशा लागतात’ असे लठ्ठ माणूस म्हणतो त्यात हेही एक कारण असते. मात्र दोन उशा हृदयाच्या दुखण्यातही लागतात, हे विसरू नका. त्याकडे मी पुढे येणार आहे.

हे झाले ओझ्याचे. उत्तराचा दुसरा अर्धा भाग दाहाचा आहे, आणि तो शास्त्रज्ञांनाही अलीकडेच उमगला.

दाह म्हणजे काय ते प्रथम सांगतो. पायात बाभळीचा काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने दोन हजार वर्षांपूर्वी ही चार लक्षणे लिहून ठेवली. शरीरातल्या संरक्षक पेशी काट्यावर आणि जंतूंवर चालून जातात, त्या लढाईची ही खूण. लढाई संपली की दाह शमतो. म्हणजे दाह हा मुळात आपला मित्र. परंतु लढाई न संपता महिनोन् महिने, वर्षानुवर्षे बारीक चालू राहिली तर? धगधगती आग दिसते, तिच्यावर पाणी ओतता येते. कोंड्याची आग दिसत नाही. वर राख असते आणि आत धुमसत राहते.

चरबी म्हणजे शरीराची कोठी, जास्तीचे अन्न साठविण्याची निर्जीव जागा, अशी पूर्वी समजूत होती. १९९३ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये गोखान होतामिसलिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की लठ्ठ प्राण्यांच्या चरबीतून टीएनएफ अल्फा नावाचे दाहकारक द्रव्य तयार होते. पुढच्याच वर्षी, १९९४ साली, जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन सापडले. तेही चरबीतून निघणारे आणि मेंदूला निरोप पोचविणारे द्रव्य. २००३ साली दिसून आले की चरबीच्या पेशी फुगत गेल्या की त्यांच्याभोवती भक्षक पेशींची गर्दी जमते. ज्या पेशी एरवी जंतूंना खातात त्याच या. फुगलेल्या पेशीला रक्ताचा पुरवठा अपुरा पडतो, काही पेशी गुदमरून मरतात, त्यांचा निकाल लावण्यास भक्षक पेशी येतात, त्या आणखी दाहकारक द्रव्ये सोडतात आणि ती रक्तात मिसळून सर्व शरीरभर फिरतात. म्हणजे कोठी ही कोठी नसून कारखाना आहे, आणि या कारखान्याला सुटी नाही. फुप्फुसे, रक्तवाहिन्या, यकृत, सर्वांना त्याचा धूर लागतो.

या संशोधनाशी आपल्या पुणे जिल्ह्याचा जवळचा संबंध आहे, आणि तो इथे सांगितला नाही तर कुठे सांगणार? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे सरासरी २.७ किलो वजनाची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपली बाळे बारीक, सगळ्याच बाबतीत लहान. पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली! कमी पडले ते स्नायू आणि इतर अवयव. ‘बारीक पण चरबीदार’ असे हे भारतीय बाळ.

मग २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आले. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा शरीरभारांक, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी एकच: २२.३. दोघेही दिसावयास सडसडीत. परंतु अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! हे युडकिन म्हणजे ज्यांनी १९९९ साली दाखविले होते की वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांतही जसजशी चरबी अधिक तसतशा रक्तात दाहाच्या खुणा अधिक. एका शास्त्रज्ञाने आपले स्वतःचे शरीर असे चव्हाट्यावर मांडावे याचे मला फार कौतुक वाटते. आमच्या पुढाऱ्यांपैकी कितीजण हे करतील?

यातून आपण घ्यावयाचे ते इतकेच की काट्यावरच्या वजनावर विसंबू नये. आपल्याकडे २३ च्या वर शरीरभारांक गेला की वजन जादा आणि २५ च्या वर लठ्ठपणा असे मानतात. गोऱ्या लोकांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. त्याहूनही सोपी गोष्ट म्हणजे शिंप्याची टेप. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर याच्या पुढे गेला की पोटातली चरबी वाढली असे समजावे. इंचांत साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. मघाशी सांगितलेल्या पाहणीत कमरेचा घेर मोजला तेव्हा देशातल्या ४० टक्के स्त्रियांच्या आणि १२ टक्के पुरुषांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आढळली. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असे किती बापे-बाया आपल्या ओळखीचे आहेत! त्यांना कोणी लठ्ठ म्हणत नाही.

आता दम्याकडे येऊ. लठ्ठपणातला दमा दोन तऱ्हांचा असतो. एक लहानपणापासूनचा, धुळीचा, परागांचा. वजन वाढले की तो बळावतो. दुसरा चाळिशीच्या आसपास नव्याने सुरू होणारा, बहुधा स्त्रियांत. त्यात नेहमीची ॲलर्जीची लक्षणे नसतात, आणि श्वासाने ओढण्याच्या स्टेरॉइड औषधाचा उपयोगही त्यांना इतरांइतका होत नाही, कारण दाहाची जातच थोडी निराळी असते. अशी बाई डॉक्टर बदलीत फिरते. कोणी म्हणते वय झाले, कोणी म्हणते मनाचे आहे. घरात चुलीचा धूर असला तर आणखी भर. धूम्रपान कधीही न केलेल्या माणसांनाही फुप्फुसे आखडण्याचा जुनाट विकार होतो, आणि त्याचे एक मोठे कारण सरपण-गोवऱ्यांचा धूर आहे, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्येच मांडले.

इथे एका दुष्टचक्राविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘दम्यावर हमखास’ म्हणून बाजारात पुड्या मिळतात. घेतल्या की दोन दिवसांत छाती मोकळी. का बरे? कारण अशा पुष्कळ पुड्यांत स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. ती पोटातून महिनोन् महिने गेली की भूक वाढते, तोंड वाटोळे होते, पोटावर चरबी चढते, साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणजे दम्यासाठी घेतलेले औषध दमा वाढविणारी चरबी तयार करते. आणि गंमत अशी की हीच माणसे डॉक्टरने पंप लिहून दिला की घाबरतात, ‘पंपाची सवय लागते’ म्हणतात. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट फुप्फुसात जाते. पुडीतले मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपटीच्या मापात, आणि ते अंगभर जाते. पंपाची लाज आणि पुडीवर श्रद्धा हा आपल्याकडचा उलटा न्याय आहे.

यापुढचा भाग झोपेचा आहे, आणि माझ्या दृष्टीने आजच्या व्याख्यानातला तोच सर्वांत महत्त्वाचा. घोरण्याला आपण हसतो. गाढ झोपेची, निर्धास्त मनाची ती खूण समजतो. लग्नघरात एखादे मामा घोरू लागले की पोरे कुंभकर्ण म्हणून टाळ्या पिटतात. पण लक्ष देऊन ऐकलेत तर कधी कधी त्या घोरण्यात एकाएकी शांतता पडते. पाच, दहा, पंधरा, वीस सेकंद काहीच नाही. मग एक मोठा आचका, आणि पुन्हा घोरणे. त्या शांततेत मामा सुखाने झोपलेले नसतात. त्यांचा श्वास बंद पडलेला असतो. गळ्याभोवती आणि जिभेच्या मुळाशी चरबी साठलेली असते. झोपेत स्नायू सैल पडले की घशाची नळी मिटते. छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू खाली जातो, मेंदू धोक्याची घंटा वाजवितो, माणूस अर्धवट जागा होतो, नळी उघडते. त्याला सकाळी यातले काही आठवत नाही. तासात पाचांहून अधिक वेळा असे होऊ लागले की त्याला विकार मानतात, तिसांहून अधिक म्हणजे तीव्र. रात्रभरात दोनदोनशे, तीनतीनशे वेळा गळा दाबला जाणारा हा माणूस आठ तास झोपून उठतो आणि म्हणतो, अंग जड आहे.

प्राणवायूची ही चढउतार पुन्हा दाह वाढविते, रक्तदाब चढविते, साखर बिघडविते. झोप मोडली की भूक खवळते आणि वजन आणखी वाढते. चरबीने श्वास अडला, अडलेल्या श्वासाने दाह आणि चरबी वाढली. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखेच हे!

आपल्या पूर्वजांच्या नजरेतून हे सुटले नव्हते. चरकसंहितेत अतिस्थूल माणसाच्या दोषांचा स्वतंत्र विचार आहे, आणि सुश्रुताने अशा माणसाच्या लक्षणांत थोड्या श्रमाने लागणारा दम, म्हणजे क्षुद्रश्वास, आणि फार झोप ही दोन्ही सांगितली आहेत. इंग्लंडात डिकन्सने १८३६-३७ साली ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा रंगविला, तो उभ्या उभ्या झोपतो आणि झोपला की घोरतो. वाचकांनी शंभर वर्षे त्याला हसून घेतले. १९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांपुढे एक गृहस्थ आला. पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने असताना त्याला झोप लागली, आणि तो डाव बुडाल्यामुळेच बहुधा तो दवाखान्यात आला. त्याचा श्वास जागेपणीही अपुरा पडत होता आणि रक्तात दूषित वायू साठत होता. या विकाराला डॉक्टरांनी पिकविकचेच नाव दिले. हसण्याचा विषय रोग ठरावयास एकशेवीस वर्षे लागली.

आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी केली आणि ती २००४ साली प्रसिद्ध झाली. हे रोगी म्हणून आलेले लोक नव्हते, नेहमीच्या तपासणीसाठी आलेले होते. त्यांत साडेएकोणीस टक्क्यांचा श्वास झोपेत अडत होता, आणि साडेसात टक्क्यांना त्यापायी दिवसाही झोप आवरत नव्हती. ज्यांची मान जाड आणि वजन अधिक, त्यांत हे प्रमाण जास्त.

आता या आकड्यातला एक माणूस मी तुम्हांला दाखवितो. आपल्या गावावरून कल्याण-नगर रस्ता जातो. त्या रस्त्यावर मालाची गाडी चालविणारा एक ड्रायव्हर आमचा सभासद होता. वय पंचेचाळीस, मान जाड, स्वभावाने गरीब. मालकाच्या कचेरीने त्याला आरोपपत्र दिले: ‘कामावर असताना झोप, कर्तव्यात हयगय.’ गाडी रस्त्याच्या कडेला उतरली होती. नशिबाने कोणी दगावले नाही. चौकशीत त्याला विचारले, दारू पिऊन होतास का? तो माळकरी. रात्रीची झोप पुरी झाली होती का? तो म्हणाला, झाली होती. तिथेच तो फसला; कारण पुरी झोप घेऊनही जो पेंगतो तो आळशी किंवा लबाड, असा सरळ हिशेब मांडला गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली आणि दारातूनच म्हणाली, ‘भाऊ, त्यांचा श्वास रात्रीचा बंद पडतो हो. मी उठून हलवते तेव्हा सुरू होतो. सात-आठ वर्षं मी अशीच निजते.’ साहेबांना, डॉक्टरांना, आम्हांला कोणालाही जे ठाऊक नव्हते ते त्या माउलीला ठाऊक होते, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

पुण्यास नेऊन त्याची झोपेची तपासणी करविली. तासाला चाळीसहून अधिक वेळा श्वास अडत होता. तो कागद आम्ही चौकशीपुढे ठेवला. हयगय आणि आजार यांत फरक आहे, एवढाच आमचा युक्तिवाद. नोकरी वाचली, वेतनवाढ मात्र एक वर्ष रोखली गेली. झोपेत नाकावर लावावयाचे यंत्र त्याने पतपेढीचे कर्ज काढून घेतले. आज तो दिवसाच्या फेऱ्या करतो, आणि बायको रात्री झोपते.

या यंत्राची हकीकत मोठी सुरस आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर उलटी कामाला लावली, म्हणजे ओढण्याऐवजी फुंकण्याला, आणि नाकावाटे हवेचा हलका दाब दिला. घशाची नळी आतून फुगलेली राहिली, मिटली नाही, आणि रोगी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा सलग झोपला. सीपॅप म्हणतात ते हेच.

मला कोणी विचारील की यात युनियनचे काय काम? खाणे ज्याचे त्याच्या हातात, वजनही ज्याचे त्याच्या हातात. हे मी पूर्वीही ऐकलेले आहे, निराळ्या रोगाच्या बाबतीत. जुन्नर-आंबेगावच्या घराघरातून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. कापसाच्या धुळीने त्यांच्या छातीला विकार जडे. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येई, म्हणून सोमवारचा आजार असेच त्याला म्हणत. रविवारी मजा केली आणि सोमवारी सोंग आणले, असे जॉबर म्हणे. त्या सोंगाचे नाव बिसिनोसिस, आणि आज ते भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून छापलेले आहे. छातीत काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून दम लागणाऱ्या माणसावर आळसाचा आरोप ठेवणे सोपे असते.

आणि वजन खरोखर किती ज्याच्या त्याच्या हातात असते? १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले. आता नव्या श्रमसंहिता आल्या. पण कागदावरचे तास आणि सीटवरचे तास यांचे नाते तेव्हाही दूरचे होते आणि आजही आहे. जो रात्री दोन वाजता ढाब्यावर जेवतो आणि पहाटे गाडी हाकतो, त्याला ‘सातच्या आत जेवा आणि सकाळी फिरावयास जा’ असे सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. माझ्या पाहण्यात ड्रायव्हरची तपासणी होते ती डोळ्यांची. घोरतोस का, हा प्रश्न मी कोणत्याही तपासणीत ऐकला नाही. आमच्या मागणीपत्रात आम्ही तो आता घातला आहे: वर्षातून एकदा प्रत्येक ड्रायव्हरची मान, कंबर आणि रक्तदाब मोजावा, घोरण्याची चौकशी बायकोच्या समक्ष करावी, संशय आल्यास झोपेची तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी, आणि विकार निघाला तर त्या माणसाला कामावरून न काढता उपचार द्यावा. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. ते नसेल तर कोणीही ड्रायव्हर खरे सांगणार नाही, आणि का सांगावे?

उपाय काय, हे थोडक्यात सांगतो, कारण वेळ होत आला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन येथील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की वजन दहा टक्क्यांनी घटले की झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटते; दहा टक्क्यांनी वाढले की ते ३२ टक्क्यांनी वाढते. ऐंशी किलोच्या माणसाने आठ किलो. सडपातळ व्हावे लागत नाही. दम्यालाही पाच-दहा टक्क्यांनी फरक पडतो. कुशीवर झोपावे. रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. त्या घशाचे स्नायू अधिक सैल करतात. टिर्झेपटाइड नावाचे टोचण्याचे औषध लठ्ठपणातल्या या झोपेच्या विकारासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्य झाले आणि २०२५ मध्ये ते औषध वजन आणि मधुमेह यांसाठी भारतातही आले. ते गुणकारी आहे, महाग आहे, आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेण्याचे नाही.

आणि मघाशी राहिलेली गोष्ट. लठ्ठ माणसाचा प्रत्येक दम लठ्ठपणाचा नसतो. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या आपल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हेही त्याच राष्ट्रीय पाहणीने सांगितले. रक्त कमी असले तरी दम लागतो. पायावर सूज, रात्री एकाएकी गुदमरून उठणे, चालताना छातीत कळ, ही हृदयाची लक्षणे असू शकतात. ‘वजन कमी करा, दम जाईल’ एवढे बोलून जो न तपासता वाटेला लावतो त्याला, बायांनो, सोडू नका. रक्त तपासा, हृदय तपासा, फुंकण्याच्या यंत्रावर फुप्फुसे तपासा, असे म्हणा. २०२० आणि २०२१ च्या कोविडच्या साथीत जादा वजनाच्या माणसांचे हाल इतरांहून अधिक झाले. भात्यावरचे ओझे आणि आतला धुमसता दाह, दोन्ही आधीच होते. त्यात जंतू आला.

आपल्या तालुक्यात अष्टविनायकांपैकी दोन गणपती आहेत, ओझरचा आणि लेण्याद्रीचा. लंबोदराच्या पोटाविषयी माझी काही तक्रार नाही. पण लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना आपण कुठल्या टप्प्यावर बसतो, आणि गेल्या वर्षी कुठे बसलो होतो, याची मनाशी नोंद ठेवण्यास हरकत नाही.

कचेरीतून मी दोन टेपा आणल्या आहेत. त्या खाली दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पुरुषांची टेप माझ्यापाशी आणि बायांची टेप आपल्या आशाताईंपाशी. ज्यांना कंबर आणि मान मोजून घ्यावयाची असेल त्यांनी यावे. मान चाळीस सेंटिमीटरच्या पुढे असेल आणि घरचे माणूस बरोबर आले असेल, तर घोरण्याचे मी त्यालाच किंवा तिलाच विचारणार आहे, तुम्हांला नाही. अध्यक्षांची परवानगी असेल तर आधी प्रश्न घेऊ.